ही सही कोणाची

“घाई नाही, काका. चष्मा लावा आणि नीट बघा,” निवडणूक कचेरीतल्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद फिरवून पंपवाल्यांपुढे सरकवला. “डावीकडची आमच्या नोंदीतली, नमुन्याची सही. उजवीकडची गेल्या आठवड्यात तुमच्या मताच्या लिफाफ्यावर आली ती. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावलंय.”

पंपवाल्यांनी चष्मा लावला. एकाच कागदावर त्यांचं नाव दोनदा, मोठं करून छापलेलं होतं. उजवीकडचं त्यांनी लगेच ओळखलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, जीभ दातांत धरून, ते त्यांनी स्वतः काढलं होतं. लिहिलं होतं म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. प्रत्येक अक्षर सुटं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली वेगळी रेघ. मग त्यांची नजर डावीकडे गेली आणि तिथेच राहिली.

डावीकडे नाव त्यांचंच होतं, पण हात त्यांचा नव्हता. अक्षरं थोडी कललेली, एकमेकांना धरून चाललेली, आणि सगळं लिहून झाल्यावर वरून एका ओढीत मारलेली लांब शिरोरेघ, शेवटाला किंचित खाली वळलेली. हा हात त्यांनी एकेचाळीस वर्षं किराणाच्या यादीत, मुलीच्या वह्यांवर, स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर पाहिला होता. तो हात जाऊन आता चौदा महिने झाले होते.

“बाबा, ही तर...” शेजारच्या खुर्चीतली मुलगी बोलू लागली. पंपवाल्यांनी टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला.

“काय म्हणाल्या?” बाईंनी मान वर केली.

“काही नाही. छान छापलंय म्हणाली.”

बाईंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग पंपवाल्यांकडे. कचेरीतल्या या टेबलावर त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. छपाईचं कौतुक करायला कोणी एवढ्या लांबून येत नाही, एवढं त्यांना नक्कीच कळत होतं.

“साडेअकराला दोन्ही बाजूंचे निरीक्षक येतात,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासमोर तुमचं म्हणणं नोंदवते. तोवर बाहेर बाकावर बसा. आणि काका, काय सांगायचं ते विचार करून सांगा. एकदा माझ्या हातून लिहिलं गेलं की मला खोडता येत नाही.”

बाहेर लांबलचक व्हरांडा होता आणि भिंतीला लागून लाकडी बाक. पंपवाले गुडघ्यावर हात दाबत खाली बसले. समोरच्या भिंतीवर काचेची पेटी होती आणि पेटीत यादी टाचलेली होती. ‘दुसऱ्याच्या नावाने सही करणारे,’ वर ठळक अक्षरात लिहिलं होतं. खाली नाव, पत्ता, आणि कुठेकुठे नावापुढे ‘मयत’.

ही यादी पंपवाल्यांच्या ओळखीची होती. मागच्या वर्षी कसल्याशा दाखल्यासाठी ते इथे आले होते, तेव्हा याच पेटीसमोर उभं राहून त्यांनी काचेवर बोट फिरवत एकेक नाव लावून वाचलं होतं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकवलं होतं, “लाज नाही वाटत लोकांना.” तो माणूसही बिचारा हो म्हणाला होता.

सांगायची गोष्ट अशी की पंपवाले कडकवाल्यांपैकी होते. सहीचा कायदा यायचा होता तेव्हा सगळं शहर दोन भागांत वाटलं गेलं होतं आणि चहाच्या दुकानातल्या लोकांनी त्यांची नावंही पाडली होती: कडकवाले आणि सैलवाले. कडकवाले म्हणायचे, सही जुळल्याशिवाय टपालानं आलेलं एकही मत मोजू नका. सैलवाले म्हणायचे, म्हातारीकोतारी माणसं, कोणाचा हात थरथरतो, कोणाचं लिहिणं सुटलेलं, त्यांनी काय करायचं? त्यावर पंपवाले ग्लास खाली ठेवून म्हणायचे, “कर नाही त्याला डर कशाला? आमच्या पंपघरात कोणीही सोम्यागोम्या घुसून चाक फिरवायला लागला तर पाणी कोणाच्या घरात जाईल? आम्ही दाराशी वही ठेवायचो. नाव, वेळ, सही. त्याशिवाय आत पाऊल नाही.” कोणी म्हणालं, सुक्याबरोबर ओलंही जळेल हो, तर ते म्हणायचे, “जळू दे थोडं.”

आणि त्या वहीतली स्वतःची सही? पहिलं अक्षर आणि पुढे एक फराटा. फिटरच्या वहीतल्या फराट्याकडे कोण बघतंय?

खरं सांगायचं तर पंपवाल्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. वाचता यायचं, सावकाश, बोट ठेवून. पण कोणासमोर लिहायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. तीस अश्वशक्तीचा पंप उघडून त्याचं पातं न् पातं जमिनीवर मांडणारा माणूस, पेन दिसलं की म्हणायचा, हात तेलकट आहेत. बायकोला हे कधी सांगावं लागलं नाही. लग्नानंतर पंधरा दिवसांत तिच्या लक्षात आलं आणि ती त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. कागद आला की ती नुसतं विचारायची, “अहो, हात धुतलेत का?” हे नाही म्हणायचे आणि ती सही करायची.

मतदार नोंदवणारा माणूस घरी आला तेव्हा पंपवाले मुख्य नळाच्या खड्ड्यात छातीइतक्या चिखलात उभे होते. “घरातलं कोणीही सही करा, मला अजून साठ घरं फिरायचीत,” असं तो म्हणाला, आणि तिने नवऱ्याच्या नावापुढे नवऱ्याची सही केली. तीच नमुन्याची झाली. कामाच्या पाळीमुळे पंपघर सोडता यायचं नाही, म्हणून पाणीखात्यातल्या लोकांना मतपत्रिका टपालानं यायची; निवृत्तीनंतरही ती तशीच येत राहिली. ती आली की पंपवाले स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचे. बायको पाठ करून ओट्याकडे तोंड करायची. ते खूण करायचे, घडी घालायचे, लिफाफा चिकटवायचे आणि मग म्हणायचे, “झालं गं.” ती वळायची आणि लिफाफ्यावर सही करायची. कोणाला मत दिलं हे तिने उभ्या जन्मात विचारलं नाही. “मत तुमचं, सही माझी,” ती म्हणायची.

सहीच्या कायद्यावर लोकांचं मत घेतलं, तेव्हाही असंच झालं. पंपवाल्यांनी ठोकून ‘हो’वर खूण केली आणि त्या वेळी, एकदाच, स्वतःहून तिला सांगितलं. तिने लिफाफ्यावर सही केली, शिरोरेघ ओढली आणि हसून म्हणाली, “अहो, म्हणजे माझ्याच हातानं मला धरून द्यायला निघालात.”

“तुला कोण धरतंय,” ते म्हणाले होते. चोर म्हणजे कुठेतरी लांब राहणारी, ओळख नसलेली माणसं असंच त्यांना वाटत होतं. आपल्या घरात जे चालतं त्यालाही तेच नाव आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “खरं काय ते सांगून टाका. आईनं केली होती, तुमच्या सांगण्यावरून. विषय संपला.”

“मग तिचं नाव तिथे लागेल.” पंपवाल्यांनी हनुवटीने काचेची पेटी दाखवली.

“आई आता नाहीये, बाबा.”

“म्हणून तर. असती तर तिनं स्वतः उत्तर दिलं असतं. माझ्यापेक्षा शंभरपटीनं चांगलं.”

“आणि पंपघर?”

पंपवाले गुडघा चोळू लागले. या वेळचं मत पंपघराचंच होतं. जुनं पंपघर पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची की ठेवायचं, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. तेहतीस वर्षं ज्या दगडी भिंतींच्या आत त्यांनी पंपाचा आवाज ऐकला, आवाज जरा बदलला तर झोपेतून उठून बसले, त्या भिंती राहायच्या की जायच्या. पाच-पन्नास मतांनी इकडचं तिकडे होईल असं सगळे म्हणत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी लिफाफ्यावर स्वतः सही केली होती. रद्दी कागदावर आठ दिवस गिरवून मग केली होती. आणि तीच नेमकी खोटी ठरली होती.

साडेअकराला आतून हाक आली.

टेबलाच्या एका बाजूला कडकवाल्यांचा निरीक्षक बसला होता, चाळिशीचा, शर्टाची वरची गुंडी लावलेला. दुसऱ्या बाजूला सैलवाल्यांची एक वकीलबाई, पुढ्यात फायलींची चळत. दोघांनी पंपवाल्यांचं ओळखपत्र पाहिलं, फोटो पाहिला, चेहरा पाहिला.

“माणूस समोर बसलाय, फोटो जुळतोय,” वकीलबाई म्हणाली. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? मोजा ना मत.”

“माणूस खरा आहे, त्यात वादच नाही,” निरीक्षक म्हणाला. त्याचा सूर भांडखोर नव्हता. “प्रश्न सहीचा आहे. काका, राग मानू नका. माझे आजोबा गेल्यावर त्यांच्या नावावर तीन वेळा मत पडलं. आजी आमची ते कळल्यावर दोन दिवस जेवली नाही. मी काही हौस म्हणून इथे बसत नाही.”

“आणि मागच्या खेपेला अठराशे लिफाफे बाद केले, त्यात खरोखर खोटे सात निघाले,” वकीलबाई म्हणाली. “बाकीच्यांच्या आज्यांचं काय?”

“तुमचं दोघांचं दर वेळचंच आहे,” टेबलावरच्या बाई म्हणाल्या. “आधी यांना विचारू द्या.” त्यांनी तो दोन सह्यांचा कागद पुन्हा मध्ये ठेवला. “काका, दोन वाटा आहेत. नमुन्याची सही तुमची नाही असं तुम्ही सांगितलंत, तर तुमचं ओळखपत्र बघून आजच नवी सही घेते आणि हे मत मोजलं जातं. पण मग ती जुनी सही कोणाची हे लिहून द्यावं लागतं, आणि ते नाव बाहेर यादीत जातं. माणूस हयात असो नसो. दुसरी वाट, दोन्ही सह्या तुमच्याच आहेत, वयाने हात बदलला असं म्हणा. मग आमच्यासमोर पाच वेळा सही करून दाखवायची. दोघा निरीक्षकांना पटलं तर मत मोजतो, नाही पटलं तर बाद.”

वकीलबाई पुढे झुकली. “काका, घरातल्या कोणी केली असेल तर बिनधास्त सांगा. घरोघरी होतं हे. तुमच्यासारख्या माणसाची गोष्ट आम्ही पेपरात मांडू. हा कायदा कोणाला धरतो ते लोकांना कळू दे. कोणी केली? मिसेसनी?”

ती वाईट बाई नव्हती. तिचे डोळे खरंच कळकळीचे होते. पण पंपवाल्यांना डोळ्यांपुढे पेपर दिसला, चहाच्या दुकानातल्या बाकावर पडलेला, त्यात हिचं नाव, आणि कोणीतरी त्या नावावर बोट ठेवून मोठ्यानं वाचतंय. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पंपघर डोळ्यांपुढे आलं तेही त्याच वेळी. मत मोजलं जायला फक्त एक वाक्य पुरे होतं, आणि ते वाक्य खरंही होतं.

बाईंनी डाव्या सहीखाली बोट ठेवलं. “सांगा काका. ही कोणाची?”

खोलीत पंखा फिरत होता.

“ही माझी,” पंपवाले म्हणाले. मग थोडं थांबून, सावकाश, “ही माझीच आहे.”

एकेचाळीस वर्षांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. कोणी विचारलं की आमची ही, हिचं डोकं दुखतंय, हिला विचारून सांगतो. मुलीने झटकन मान दुसरीकडे वळवली आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. बाकीच्यांनी ऐकलं तसं लिहून घेतलं.

बाईंनी पाच चौकोनांचा कागद दिला. पंपवाल्यांनी पेन धरलं. तळहाताला घाम आला होता, तो त्यांनी पँटीला पुसला. पहिल्या चौकोनात त्यांचं नेहमीचं आलं, सुटं सुटं. दुसऱ्यात त्यांनी अक्षरं कलवून पाहिली, ती पडायला आल्यासारखी दिसली. तिसऱ्यात त्यांनी आधी सगळं लिहिलं आणि मग वरून रेघ ओढायला घेतली, एका दमात, ती ओढायची तशी. रेघ मध्येच अडखळली, अक्षरांत घुसली आणि बाहेर आली. चौथ्या वेळी त्यांनी डोळ्यांपुढे तिचा हात आणला. मनगट कसं टेकायची, करंगळी कशी घासत न्यायची, सगळं लख्ख आठवलं. आठवून हाताला काही येत नाही. पाचवी सही पुन्हा पहिल्यासारखी झाली.

निरीक्षकाने कागद उचलला आणि बराच वेळ पाहिला. “हात बदलतो वयाने,” तो म्हणाला. त्याला हो म्हणायचं होतं, हे दिसत होतं. “अक्षरं म्हणाल तर... मी सोडूनही दिली असती. पण ही रेघ बघा. ही एका ओढीत आहे. यांची पाच तुकड्यांत. मी इथे हो म्हटलं तर उद्या दुसऱ्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?”

“माणुसकीने म्हणा,” वकीलबाई म्हणाली.

“बरोबर आहे त्यांचं,” पंपवाले म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. “तिथे मी बसलेला असतो, तर मीही हेच म्हटलं असतं. कायदा मीच मागितला होता. आता माझ्यावर आला म्हणून वाईट ठरवू कसा?”

“पण मग तुमचं मत, काका?”

“जाऊ दे,” पंपवाले म्हणाले. त्यांनी पेन बाईंकडे परत सरकवलं.

बाईंनी लिफाफा उचलला आणि त्यावर शिक्का मारला. आत घडी केलेली मतपत्रिका होती तशीच राहिली. त्यांनी तो डाव्या बाजूच्या पेटीत टाकला. पेटीत आधीच बरेच होते, त्यामुळे आवाजसुद्धा झाला नाही. निरीक्षक उठला, जाता जाता पंपवाल्यांच्या खांद्यापाशी थांबला आणि नमस्कार करून गेला. वकीलबाई फायली गोळा करत राहिली.

“पुढच्या वेळी हा त्रास नको, काका,” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “नव्या नमुन्याचा अर्ज देते. तुमच्या आत्ताच्या हातची सही करा. पाच मिनिटांचं काम आहे. मग टपालाने बिनधास्त पाठवा.”

“मग ही?”

“ही नोंदीतून निघते. नवी आली की जुनी काढून टाकतात.”

पंपवाल्यांनी अर्ज हातात घेतला, पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. “राहू दे. मत असेल तेव्हा मी चालत येईन. कार्ड दाखवीन.”

“गुडघे दुखतात तुमचे,” मुलगी म्हणाली.

“दुखू देत.”

बाईंनी आग्रह केला नाही. निकालाचा कागद छापून झाला, तो त्यांनी नीट सरळ करून पुढे धरला. वर मजकूर, खाली त्या दोन सह्या शेजारी शेजारी, आणि उजवीकडच्या सहीवर ‘बाद’ असा शिक्का. “ही तुमची प्रत,” त्या म्हणाल्या, आणि मग, कागदाकडे बघतच, “अक्षर मात्र सुरेख आहे.”

“सातवीपर्यंत शिकली होती,” पंपवाले बोलून गेले.

बाईंनी वही पुढे ओढली. त्यांनी ऐकलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. “प्रत मिळाल्याची इथे सही करा,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या कागदांकडे वळल्या.

पंपवाल्यांनी वहीत सही केली. वेळ लागला, एकेक अक्षर, एकेक रेघ. ती सही कोणी कशाशी ताडून पाहिली नाही.

बाहेर व्हरांड्यात मुलीने पिशवी उघडून पुढे केली. “द्या बाबा, घडी घालून ठेवते.”

“थांब.” ते खिडकीपाशी गेले आणि तिथल्या कठड्यावर त्यांनी कागद पसरला. पिशवीत मावेल अशी उभी चौघडी घातली असती तर एक घडी नेमकी डाव्या सहीवरून गेली असती. त्यांनी कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. शेवटी त्यांनी उजवीकडची बाजू, शिक्क्यासकट, मागे दुमडली, आपल्या सहीच्या बरोबर मधून, आणि अंगठ्याने घडी घट्ट दाबून बसवली.